चार फुटांची वहिवाट

आई त्या सोमवारी अर्ध्या तासात परत आली. एरवी ती उजाडता उजाडता घरातून निघायची, मळ्याला पाणी द्यायची, भाजी खुडून पाटी भरायची आणि उन्हं वर येईपर्यंत अंधेरी स्टेशनाजवळच्या मंडईत जाऊन बसायची. त्या दिवशी ती रिकामी पाटी काखेत घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वाट बंद केली."

बाबा दाढी करत होते. त्यांना वाटलं, रस्ता खणला असेल. मी चप्पल घालून तिच्याबरोबर गेले, तेव्हा कळलं. आमच्या घरामागे शेजारच्या मावशींची मोठी वाडी होती. ताड, चिंचा, दोन-चार आंबे आणि मधून मळ्याकडे जाणारी आमची पायवाट. वाडीच्या कडेने आता पुरुषभर उंचीचे पत्रे ठोकले होते. रविवारी आम्ही चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आणि तिथून एका बारशाला गेलो होतो, तेवढ्या वेळात काम उरकलेलं होतं. पत्र्यांच्या वरून आमच्या विहिरीवरच्या रहाटाचं टोक तेवढं दिसत होतं. आई पत्र्याला हात लावून उभी होती. ती रडली नाही, ओरडलीही नाही. पालकाला पाणी नाही मिळालं तर तो दोन दिवसांत माना टाकेल, एवढंच म्हणाली.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अंधेरी पूर्वेला आमचं जुनं गावठाण तेव्हा चारी बाजूंनी कारखाने आणि नव्या इमारतींच्या मध्ये सापडलं होतं, पण आत अजून गावच होतं. आमची घरं कौलारू, बोली गावठाणी मराठी, आमच्या दारासमोर क्रूस आणि शेजाऱ्यांच्या दारात तुळस. बाबा एका कारखान्यात फिटर होते. मी बारावी करून टायपिंगच्या क्लासला जात होते. आणि आईकडे मळा होता. पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा, मध्ये विहीर, कडेला केळी. लाल माठ, पालक, मुळा, उन्हाळ्यात गवार. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत, तिसऱ्या बाजूला कुणाची तरी काटेरी तारेने बंद केलेली जागा. मळ्यात शिरायचं तर मावशींच्या वाडीतूनच.

मावशींच्या मुलांनी वर्षभरापूर्वी वाडी एका बिल्डरला विकली होती आणि मावशींना घेऊन ते बोरिवलीला फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. विकली म्हणजे वाट जाईल, हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस मिठाईचा पुडा घेऊन आला. फार अदबीने बोलला. म्हणाला की कुंपण घालणं हा त्यांचा मालक म्हणून हक्क आहे, त्यांच्या खरेदीखतात कुठल्याही वाटेचा उल्लेख नाही, आणि ज्या जमिनीला वाट नाही तिला गिऱ्हाईक कोण मिळणार? म्हणून तेच आमचा मळा घ्यायला तयार आहेत. त्याने सगळं बाबांकडे बघून सांगितलं. आई चुलीपाशी होती, तिच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

तो गेल्यावर बाबा म्हणाले की आता विकलेलं बरं. मोठ्या लोकांशी भांडून आपल्यासारख्यांचं काय भलं होणार, कोर्टाची पायरी चढली की आयुष्य जातं, वगैरे. बाबा भित्रे नव्हते. त्यांनी कारखान्यात लोकांचं आयुष्य कोर्टात जाताना पाहिलं होतं. आई भांडी घासत ऐकत होती. शेवटचं पातेलं पालथं घातल्यावर तिने विचारलं,

"विकायच्या कागदावर सही कोणाची लागंल?"

मला तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. दोन दिवसांनी लागला.

आमच्या चर्चमधल्या एकाने मालाडच्या एका वकिलांचं नाव सुचवलं. त्यांचं ऑफिस पिठाच्या गिरणीवर होतं. जिना चढेपर्यंत केसांवर पीठ बसायचं, आणि त्यांच्या फायलींवरही पांढरा थर असायचा. वकील साठीचे, कानात बोळा घातलेले, हळू बोलणारे. आईने नेसत्या लुगड्याच्या पदरात बांधून आणलेले कागद त्यांच्यापुढे ठेवले: सातबाऱ्याचा उतारा आणि एक जुना, घडीवर फाटलेला कागद.

"मळ्याचा मालक कोण?" वकिलांनी विचारलं.

"मीच," बाबा म्हणाले. सवयीने म्हणाले.

वकिलांनी कागद वाचले आणि चष्मा काढला. "इथे तुमचं नाव नाही," ते म्हणाले. "हे बक्षीसपत्र आहे. यांच्या वडिलांनी जमीन यांना दिली. रजिस्टर केलेलं आहे. लग्न केलं म्हणून नवरा बायकोच्या जमिनीचा मालक होत नाही, निम्म्याचाही नाही. दावा करायचा तर यांनी करायचा. विकायचं तर यांनी विकायचं."

आई एकुलती एक. तिच्या वडिलांनी ते गेले त्याच्या आदल्या वर्षी हा तुकडा तिच्या नावावर केला होता. आईला हे माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं, पण घरात वीस वर्षं 'आपला मळा' म्हटलं जायचं आणि 'आपला' म्हणजे बाबांचा, असं सगळ्यांनीच धरलेलं. बाबांचा चेहरा पडला नाही, पण ते खुर्ची थोडी मागे सरकवून बसले. पुढचं सगळं वकील आईशी बोलले.

ते जे बोलले ते मला अजून जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण नंतर मीच ते पुन्हा पुन्हा आईला सांगितलं. ते म्हणाले की मालकी ही एक वस्तू नाही, ती हक्कांची मोळी आहे. जमीन वापरायची, दुसऱ्याला आत येऊ द्यायचं नाही, विकायची, बक्षीस द्यायची, मागे ठेवून जायची, असे सगळे हक्क मिळून मालकी. वाडीची ही मोळी आता बिल्डरची आहे आणि ती त्याने रीतसर घेतलेली आहे. पण मोळीतली एक काटकी आधीच दुसऱ्याची असू शकते. ती म्हणजे तिथून चालत जाण्याचा हक्क, वहिवाट. विकणारा आपल्याकडे आहे त्याहून जास्त काही विकू शकत नाही. म्हणून वाडी विकली गेली, तरी वहिवाट सिद्ध झाली तर ती तिथेच राहते, खरेदीखतात लिहिलेली असो वा नसो.

आईच्या बक्षीसपत्रात 'जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह' असे शब्द होते. मला वाटलं, झालं काम. वकिलांनी मान हलवली. आपल्या कागदात आपण काहीही लिहू, त्याने शेजारी बांधला जात नाही. सिद्ध करायचं ते चालून. वीस वर्षं आणि त्याहून जास्त, उघडपणे, न अडता, आणि आपला हक्क आहे अशा रीतीने.

"परवानगी मागून गेला असाल, तर तुम्ही पाहुणे," ते म्हणाले. "पाहुणा शंभर वर्षं आला तरी त्याचा हक्क होत नाही. आठवून सांगा, बाई. कधी परवानगी मागितली होती?"

तिने स्वतः कधी मागितली नव्हती. पण तिच्या वडिलांनी? "मना म्हाईत नाय," ती म्हणाली. वकील म्हणाले, माहीत नाही तर माहीत नाही असंच कोर्टात सांगा. पण ज्याला माहीत असेल त्याला शोधा.

दावा दाखल झाला. मी क्लासमधल्या मशीनवर आईचं प्रतिज्ञापत्र मराठीत टाईप करून तिला वाचून दाखवलं, मग वकिलांच्या कारकुनाने ते इंग्रजीत केलं. 'वादी' या शब्दापुढे आईचं पूर्ण नाव होतं. चौथी शिकलेली आई ते नाव बोट ठेवून वाचत राहिली.

दरम्यान मळा तिने मरू दिला नाही. नाल्यात गुडघाभर घाण पाणी असायचं. लुगडं वर खोचून, काठीने तळ चाचपत ती पलीकडे जायची, तशीच परत यायची. एकदा पाटीसकट घसरली आणि ढोपर फोडून घेतलं. बाबांना ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाण्याआधी तेही नाल्यात उतरायला लागले. ती पुढे, ते मागून पाटी घेऊन. विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. महिनाभरात कोर्टाने तात्पुरता हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत पत्र्यात जाण्यापुरती फट मोकळी ठेवावी, आणि कोर्टाने नेमलेला एक कमिशनर येऊन टेप लावून नकाशा काढून गेला. पण खरी लढाई पुढेच होती, आणि तिच्यासाठी मावशी हव्या होत्या.

आम्ही बोरिवलीला गेलो तेव्हा मावशी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. वाडीत पाहिलेल्या मावशी उंच वाटायच्या, इथे त्या लहान दिसल्या. मोठ्या मुलाने आम्हाला बसायला सांगितलं, पण स्वतः उभाच राहिला. आपण व्यवहार केला आहे, मावशी बिल्डरच्या विरोधात साक्षीला गेल्या तर ते आपल्याच अंगाशी येईल, हे त्याने न चिडता सांगितलं. त्याचंही चूक नव्हतं.

आईने हट्ट केला नाही. ती मावशींना म्हणाली, "मावशी, माज्या बाजूनं बोल असा मी म्हणत नाय. झालं काय होतं, तवडाच सांग. तुज्या सासऱ्यानं परवानगी दिली होती का माज्या बापाला?"

मावशींनी सूप खाली ठेवलं. त्यांनी जे सांगितलं ते आम्ही दोघींनीही कधी ऐकलं नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या त्याच वर्षी त्यांच्या सासऱ्यांनी वाडीला बांबूचं कुंपण घातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा, म्हणजे आईचे वडील, कोयता घेऊन आले, वाटेवरचे चार बांबू तोडले, नीट बाजूला रचून ठेवले आणि मळ्यात निघून गेले. सासरे दिवसभर शिव्या देत होते. संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतःच त्या जागी उघडझाप करता येईल असं बेडं बसवलं, गुरं आत येऊ नयेत म्हणून. त्याला कुलूप कधीच नव्हतं. "त्यानं परवानगी मागितली नाही आणि सासऱ्यांनी दिली नाही," मावशी म्हणाल्या. "वाट त्याचीच होती, हे दोघांनाही ठाऊक होतं."

मग त्या मुलाकडे वळल्या. "जमीन तुमची होती, विकलीत. वाट आपली नव्हतीच. ती विकली असं कोण म्हणत असेल तर मला कोर्टात येऊन खरं सांगावं लागेल." मुलगा आत निघून गेला. पण कोर्टाच्या तारखेला तोच त्यांना टॅक्सीने घेऊन आला.

फोर्टातल्या त्या कोर्टात कामकाज इंग्रजीत चालायचं. आई मराठीत बोलायची, दुभाषी इंग्रजीत सांगायचा, टायपिस्ट ते टाईप करायचा. आईने त्या दिवशी सणाचं लुगडं नेसलं होतं आणि अंगावर मोजकं सोनं घातलं होतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा तिने कठड्याला हात लावला नाही. मी आणि बाबा मागच्या बाकावर होतो.

समोरच्या वकिलांनी आधी नाताळचा विषय काढला. दर नाताळला तुम्ही शेजाऱ्यांच्या घरी गोडाचं ताट देत होता ना? हो, आई म्हणाली. म्हणजे वाट वापरू दिल्याची ती परतफेड होती ना?

"त्या मना दिवाळीला ताट देत," आई म्हणाली. "त्या मग कशाची परतफेड करीत व्हत्या?"

न्यायाधीशांनी कागदावरून मान वर केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

मग वकिलांनी विचारलं की ही वाट असलेली जमीन तुमच्या मालकीची आहे, असं तुमचं म्हणणं आहे का. हा सापळा होता: जमीनच आपली म्हटली की वहिवाटीचा दावा पडतो, कारण वहिवाट दुसऱ्याच्याच जमिनीवर असते. आमच्या वकिलांनी तो आधीच सांगून ठेवला होता, पण त्या खोलीत सांगितलेलं किती लक्षात राहील याची मला खात्री नव्हती. आई क्षणभरही थांबली नाही.

"नाय. जमीन त्यांची. वाट माजी हाय."

दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं की तो रस्ता आपल्या मालकीचा आहे, असं साक्षीदार म्हणते. माझं इंग्रजी ती चूक समजण्याइतकं होतं. आमचे वकील उठू लागले, पण त्याआधीच न्यायाधीशांनी हात वर करून टायपिस्टला थांबवलं. त्यांनी आईला मराठीतच विचारलं, "बाई, त्या जागेवर उद्या त्यांनी झाड लावलं, बाक ठेवला, तर तुम्ही अडवाल?"

"वाटंवर नाय ठेवला तर मना काय करायचा हाय? जमीन त्यांची. मना जाऊ दिला म्हंजे झाला."

"आणि वाट किती रुंद?"

"डोक्यावर पाटी घेऊन दोन बाया समोरासमोर आल्या, तर न थांबता पार व्हतील तवडी."

न्यायाधीशांनी कमिशनरचा नकाशा पाहिला. त्यात चार फूट लिहिलं होतं. मग त्यांनी स्वतः टायपिस्टला सावकाश सांगितलं की जमिनीची मालकी प्रतिवादीची असल्याचं साक्षीदार मान्य करते, आणि फक्त जाण्यायेण्याचा हक्क मागते. मी बाबांकडे पाहिलं. ते बाकाच्या कडेवर आले होते आणि त्यांचे डोळे भरले होते. वीस वर्षं भाजीचा भाव सोडून जी बाई परक्या माणसाशी फारसं बोलली नव्हती, ती न्यायाधीशांसमोर उभी राहून कायदा बोलत होती.

मावशींची साक्ष लहान झाली. बांबूंचं सगळं त्यांनी बोरिवलीला सांगितलं होतं तसंच सांगितलं. समोरच्या वकिलांनी सुचवून पाहिलं की शेजारधर्म म्हणून, दया म्हणून तुम्ही त्यांना जाऊ दिलंत. मावशी म्हणाल्या, "दया करायला आधी अडवता यायला हवं. आमच्या सासऱ्यांनी अडवून बघितलं होतं. एक दिवस."

निकाल लागायला दोन वर्षं लागली. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. वहिवाटीचा हक्क शाबीत झाला. चार फूट रुंदीची वाट कायम मोकळी ठेवायची, ती अडवायची नाही, आणि पुढे जमीन ज्याच्या कुणाच्या हाती जाईल त्याच्यावरही हे बंधन राहील. प्रत हाती आली तेव्हा मी ती आमच्या पायरीवर बसून मराठीत करून सगळी वाचली. गावठाणातल्या आठ-दहा बायका जमल्या होत्या. आपल्या आजोबांच्या नावावर काय आहे, आपल्या आईला माहेरचं काय मिळालं होतं, याची चौकशी त्या दिवसापासून बऱ्याच घरांत सुरू झाली. कुणाला उतारा काढायचा असला की ती आधी आईकडे यायची. बाबा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "जमीन तिची हाय, माजी नाय." हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची, असं त्यांच्या एका सोबत्याने मला नंतर सांगितलं.

वाडीत चार मजल्यांची इमारत उभी राहिली. ताड गेले, चिंचा गेल्या. पण इमारतीच्या कंपाउंडच्या कडेने चार फुटांची पट्टी राहिली, आणि आई डोक्यावर पाटी घेऊन तिथून जात राहिली. बिल्डरच्या वॉचमनने पहिल्या आठवड्यात तिला हटकलं. दुसऱ्या आठवड्यापासून तो तिला फाटक उघडून देऊ लागला.

पुढे नाल्यावर छोटा पूल झाला आणि पलीकडे शाळा सुरू झाली. इमारतीतली मुलं आमच्या मळ्याच्या बांधावरून शाळेत जायला लागली. तो जवळचा रस्ता होता. मला वाटलं, आई कौतुकाने बघत राहील. ती मालाडला जाऊन वकिलांना विचारून आली, आणि एका बुधवारी तिने बांधाच्या तोंडाशी दोन बांबू आडवे बांधले. आदल्या दिवशी मुलांना सांगूनही ठेवलं की उद्या बंद, परवापासून या.

संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी आले. बँकेत अधिकारी होते, थोडे रागात होते. मुलांचं जाणं तुम्हाला का खुपतं, तुम्ही स्वतः तर आमच्या जागेतून जाता, असं त्यांनी विचारलं. आईने त्यांना बसायला खुर्ची दिली.

"पोरांनी खुशाल जावा," ती म्हणाली. "पन माज्या परवानगीनं जावा. मी तुमच्यातून हक्कानं जाते, ती गोष्ट येगली. वर्षाला एक दिवस मी बंद करनार, म्हंजे वीस वर्षांनी कोन म्हननार नाय की बांधावरची वाट आमची."

सेक्रेटरींना हसू आलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या लेटरहेडवर मुलांना जाऊ देण्याची रीतसर विनंती आली. आईने मला परवानगीचं उत्तर टाईप करायला लावलं, दोनदा वाचून घेतलं, एक शब्द बदलायला सांगितला. मी 'हरकत नाही' लिहिलं होतं. तिला 'परवानगी देते' हवं होतं. मग तिने पेन घेतलं, सगळी अक्षरं सुटी सुटी काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत तो कागद कुणालाही हातात घेऊ दिला नाही.